हेब्रिडीजचा विणकर : घर, माग आणि नाव

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यापलीकडे, अटलांटिक महासागरात, उत्तर-दक्षिण पसरलेली बेटांची एक लांब रांग आहे. तिला बाह्य हेब्रिडीज असे म्हणतात. ही बेटे आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये मिंच नावाची सामुद्रधुनी आहे. या रांगेतील सर्वांत मोठ्या बेटाला नावे मात्र दोन आहेत. उत्तरेकडील सखल, दलदलीचा भाग तो ल्युइस आणि दक्षिणेकडील डोंगराळ, खडकाळ भाग तो हॅरिस. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या संपूर्ण बेटावर सुमारे एकवीस हजार माणसे राहत होती. स्टॉर्नोवे हे येथील एकमेव मोठे गाव. येथील लोकांची परंपरागत भाषा गेलिक आहे.

जगभर 'हॅरिस ट्वीड' या नावाने ओळखले जाणारे लोकरी कापड या बेटांवर तयार होते. हे कापड टिकाऊ व उबदार आहे, यात शंका नाही; परंतु तशी कापडे इतरत्रही विणली जातात. हॅरिस ट्वीडचे वैशिष्ट्य असे की, त्याची व्याख्या ब्रिटिश संसदेच्या एका कायद्याने निश्चित केलेली असून त्या व्याख्येत विणकराच्या घराला स्थान आहे. घराबाहेर, कारखान्यात विणलेले कापड कितीही उत्तम असले तरी त्याला हे नाव लावता येत नाही. हा दंडक कसा निर्माण झाला, तो टिकवण्यासाठी बेटवासीयांनी काय सोडले आणि काय सोडण्याचे नाकारले, हे पाहिले म्हणजे हस्तव्यवसायाच्या रक्षणाचा प्रश्न पुष्कळ स्पष्ट होतो.

भूमी आणि उपजीविका

हॅरिसचा पश्चिम किनारा वालुकामय व काहीसा सुपीक आहे. पूर्व किनारा म्हणजे मात्र खडकच खडक. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जमीनदारांनी मेंढ्यांच्या मोठ्या कुरणांसाठी पश्चिमेकडील गावे उठवली, तेव्हा अनेक कुटुंबांना या पूर्व किनाऱ्यावर येऊन राहावे लागले. तेथे मृताला पुरण्याइतकीही खोल माती नव्हती. म्हणून शव खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडून पश्चिमेकडे न्यावे लागे. अशा ठिकाणी लोकांनी खडकांच्या खाचांमध्ये माती व समुद्रशेवाळ यांचे थर रचून अरुंद वाफे तयार केले आणि त्यांत बटाटे व ओट पिकवले.

येथील कुटुंबाच्या खंडाच्या लहानशा जमिनीला 'क्रॉफ्ट' असे म्हणतात व ती कसणाऱ्याला क्रॉफ्टर. १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टरला आपल्या जमिनीवर कायम राहण्याचा हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी पोट भरण्याइतके उत्पन्न त्या जमिनीतून निघत नसे. थोडे बटाटे, एखादी गाय, काही मेंढ्या आणि इंधनासाठी पीट, एवढेच ती देऊ शके. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेल्या वनस्पतींचे अर्धवट कुजलेले थर. ते विटांसारखे कापून, वाळवून, आपल्याकडे गोवऱ्या जाळतात तसे जाळले जातात. उरलेली गरज भागवण्यासाठी प्रत्येक कुटुंबाला दुसरा काही उद्योग करावा लागे. पुरुष मासेमारीला जात किंवा जहाजांवर नोकरी करीत; स्त्रिया सूत कातीत व कापड विणीत. येथील विणकर हा केवळ विणकर कधीच नव्हता. मेंढ्यांची कातरणी, पीटची कापणी, बटाट्यांची लावणी आणि माग ही सर्व कामे एकाच घरातील, एकाच ऋतुचक्रात बसवलेली होती.

लोकरीपासून कापडापर्यंत

या कापडाला गेलिक भाषेत 'क्लो मोर' म्हणजे 'मोठे कापड' असे नाव आहे. जुन्या काळी त्याची प्रत्येक क्रिया घरी व हातांनी होत असे.

उन्हाळ्यात मेंढ्या कातरल्यावर लोकर धुऊन रंगवीत. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सूत काढून मग रंगवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आढळते. हेब्रिडीजमध्ये मात्र आधी लोकर रंगवतात आणि निरनिराळ्या रंगांची लोकर एकत्र पिंजून मग सूत कातले जाते. त्यामुळे दुरून तपकिरी वाटणारा धागा जवळून पाहिला तर त्यात पिवळा, हिरवा, निळा अशा अनेक रंगांचे तंतू दिसतात. बेटावरील माळरान, खडक व समुद्र यांचे रंग कापडात उतरतात असे जे म्हटले जाते, त्याचे तांत्रिक कारण हे आहे.

जुन्या रंगांपैकी सर्वांत प्रसिद्ध रंग 'क्रोटल' या दगडफुलाचा. आपल्या मसाल्यात पडणारे दगडफूल ज्या कुळातील, त्याच कुळातील हे दगडफूल खडकांवर करड्या पापुद्र्यांच्या रूपाने वाढते. ते खरवडून आणीत आणि ओढ्याकाठी पीटच्या विस्तवावर ठेवलेल्या मोठ्या लोखंडी हंड्यात लोकरीचा एक थर व क्रोटलचा एक थर असे रचून कित्येक तास उकळीत. त्यातून विटकरी-तपकिरी पक्का रंग येतो. तो चढण्यासाठी तुरटीसारखा दुसरा पदार्थ लागत नाही आणि त्याचा विशिष्ट वास कापडाला वर्षानुवर्षे सोडीत नाही. कोळी मात्र क्रोटलने रंगवलेले मोजे घालून समुद्रावर जात नसत. खडकावरून आलेली वस्तू पुन्हा खडकाकडेच जाते, अशी त्यांची समजूत होती.

रंगवलेली लोकर तेलाचा हात लावून, तारेचे दात बसवलेल्या दोन फळ्यांच्या साहाय्याने विंचरीत आणि चरख्यावर तिचे सूत काढीत. हे काम अतिशय वेळखाऊ असे. एक माग चालू ठेवण्यासाठी अनेक चरखे चालावे लागत. त्यानंतर खुंट्या ठोकलेल्या चौकटीवर ताणा काढून तो मागावर चढवीत आणि विणकाम सुरू होई.

मागावरून उतरलेले कापड विरळ, तेलकट व खरखरीत असे. आपल्याकडे सणगर घोंगडीला चिंचोक्याची खळ देऊन ताठ करतात; हेब्रिडीजमध्ये उलट कापड कुटून, आटवून घट्ट करीत. त्यासाठी ते साठवलेल्या मूत्रात भिजवीत, कारण त्यातील अमोनियाने तेल निघून जाते. मग गावातील स्त्रिया एका लांब फळीभोवती समोरासमोर बसत आणि ते ओले कापड फळीवर आपटीत, चोळीत, एकीकडून दुसरीकडे सरकवीत. या क्रियेचे गेलिक नाव 'लुआ'. आपटण्याच्या ठेक्यावर एक स्त्री गाण्याचे चरण म्हणे व बाकीच्या धृपद धरीत. पुढे हे काम गिरण्यांकडे गेले आणि लुआचा प्रघात नाहीसा झाला. परंतु ती श्रमगीते संग्राहकांनी ध्वनिमुद्रित करून ठेवली असून गेलिक लोकसाहित्याचा तो एक मोठा ठेवा मानला जातो.

बाजार आणि मुद्रा

घरगुती गरजेचे हे कापड बाहेरच्या बाजारात कसे गेले, याचा इतिहास १८४० च्या दशकापासून सुरू होतो. त्या वेळी हॅरिसची जमीनदारी डनमोर घराण्याकडे होती. १८४५ मध्ये पतीच्या निधनानंतर तिचा कारभार लेडी डनमोर यांच्याकडे आला. पुढच्याच वर्षी बटाट्यावर रोग पडून पश्चिम स्कॉटलंडमध्ये दुष्काळ ओढवला. लेडी डनमोर यांनी येथील विणकरांकडून कापड विणवून घेतले, आपल्या जमीनदारीतील नोकरांना त्याचे पोशाख दिले आणि आपल्या वर्तुळातील श्रीमंत कुटुंबांत त्याचा प्रसार केला. शिकारीसाठी व रानात भटकण्यासाठी हे जाडजूड कापड सोयीचे ठरले आणि त्याला मागणी येऊ लागली.

मागणीबरोबर नक्कलही आली. मुख्य भूमीवरील गिरण्यांत काढलेले सूत आणि त्याचे कापड 'हॅरिस' या नावाने विकले जाऊ लागले. तेव्हा १९०९ मध्ये हॅरिस ट्वीड संघाची स्थापना झाली आणि व्यापारचिन्हासाठी अर्ज करण्यात आला. गोलक व त्यावर माल्टाचा क्रूस असे हे चिन्ह १९१० मध्ये नोंदले गेले आणि १९११ पासून त्याचा शिक्का कापडावर उमटू लागला. शिक्क्याची मूळ अट कडक होती. बाह्य हेब्रिडीजमधील क्रॉफ्टरांनी हातांनी कातलेले, हातांनी विणलेले व तेथेच रंगवलेले कापडच त्याला पात्र होते.

ज्या वर्षी हा संघ स्थापन झाला त्याच वर्षी, म्हणजे १९०९ मध्ये, मॅरियन कॅम्पबेल यांचा जन्म झाला. हॅरिसच्या खडकाळ पूर्व किनाऱ्यावरील प्लॉक्रापूल या वस्तीत त्यांनी आयुष्य घालवले. लोकर रंगवणे, विंचरणे, कातणे आणि लाकडी मागावर विणणे या सर्व क्रिया त्या स्वतः करीत. त्यांच्या हयातीत बेटावरील बहुतेक विणकर गिरणीच्या सुताकडे व लोखंडी मागाकडे वळले. कॅम्पबेल यांनी मात्र जुनी रीत सोडली नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात ही रीत पाहण्यासाठी लांबलांबचे पाहुणे त्यांच्या मागघरी येत असत. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या आयुष्याच्या सत्याऐंशी वर्षांत या व्यवसायाने जी स्थित्यंतरे पाहिली, ती पुढीलप्रमाणे होती.

हॅटर्स्ली माग

पहिल्या महायुद्धात ल्युइस व हॅरिस येथील फार मोठ्या संख्येने तरुण आरमारात गेले होते. युद्ध संपल्यावर घरी परतणाऱ्या खलाशांना घेऊन येणारे 'आयोलेअर' हे जहाज १ जानेवारी १९१९ रोजी पहाटे स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटले आणि २०१ जण बुडाले. त्या लहानशा समाजाला हा आघात दीर्घकाळ पेलवला नाही. काम नसल्यामुळे तरुण देशांतर करू लागले. एप्रिल १९२३ मध्ये 'मेटागामा' या एकाच जहाजाने ल्युइसमधील सुमारे ३०० माणसे कॅनडाला निघून गेली.

याच सुमारास यॉर्कशरमधील कीथली येथे तयार होणारा हॅटर्स्ली कंपनीचा लोखंडी घरगुती माग बेटावर आला. युद्धावरून परतलेल्या पुरुषांना घरबसल्या काम मिळावे हा त्यामागील एक हेतू होता. हा माग पायांनी चालतो. विणकर दोन पावड्या आळीपाळीने दाबतो आणि त्या गतीवर ताण्याचे धागे वरखाली होणे, धोटा फेकला जाणे, फणीने बाणा ठोकला जाणे व विणलेले कापड गुंडाळले जाणे ही सर्व कामे आपोआप होतात. सुताची कांडी बदलणे, तुटलेला धागा जोडणे आणि नक्षीत चूक होत नाही ना, हे पाहणे एवढ्यासाठीच हात लागतात. या मागामुळे वेग कितीतरी वाढला, आणि जे काम मुख्यतः स्त्रियांचे होते त्यात पुरुष मोठ्या प्रमाणावर आले.

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. पायांनी चालणाऱ्या लोखंडी मागावरील कापडाला 'हाताने विणलेले' कसे म्हणावे? बेटवासीयांनी त्याचे उत्तर व्यवहारातून दिले. मागाला गती देणारी शक्ती माणसाच्या अंगातील आहे व तो माग त्याच्या घरी आहे, तोवर ते हातमागाचे काम. वीज किंवा वाफ आली, की ते तसे राहिले नाही.

काय सोडले, काय राखले

नव्या मागाने दुसरी अडचण निर्माण केली. हाताने कातलेले सूत आता मागाला पुरेना. स्टॉर्नोवेच्या गिरण्या सूत काढू लागल्या होत्या, पण त्या सुताच्या कापडाला शिक्का मिळत नसे. अखेर १९३४ मध्ये व्याख्या बदलण्यात आली. स्कॉटलंडमधील नव्या, शुद्ध लोकरीचे, बाह्य हेब्रिडीजमध्येच कातलेले, रंगवलेले व अंतिम संस्कार केलेले, आणि बेटवासीयांनी आपल्या घरी हाताने विणलेले कापड ते हॅरिस ट्वीड, असे ठरले. हातकताईची अट गेली.

या बदलाची किंमत लहान नव्हती. चरख्यावर मिळणारी स्त्रियांची मिळकत गेली, घरची रंगाईही हळूहळू मागे पडली आणि उद्योगाचे केंद्र हॅरिसहून गिरण्यांजवळच्या ल्युइसकडे सरकले. परंतु हा बदल झाला नसता तर सूत मुख्य भूमीवरून आले असते. गिरणी स्वीकारून बेटाने कताई बेटावर ठेवली व विणकाम घरात ठेवले.

पुढील परीक्षा न्यायालयात झाली. मुख्य भूमीवर कातलेल्या सुताचे कापडही हॅरिस ट्वीड म्हणून विकता यावे, असा काही उत्पादकांचा दावा होता. १९६४ मध्ये लॉर्ड हंटर यांनी तो अमान्य केला. सूत बेटाबाहेरचे असेल तर ते कापड या नावाला पात्र नाही, असा निर्णय त्यांनी दिला. दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, उत्पादन सुमारे ७६ लाख वारांपर्यंत पोहोचले. तो या व्यवसायाचा कळस होता.

त्यानंतर घसरण सुरू झाली. हलक्या कापडांची आवड वाढली, परदेशी मागणी घटली. हॅटर्स्ली मागावरील कापडाचा पन्हा सुमारे ७५ सेंटिमीटर, तर कपडे शिवणाऱ्या कारखान्यांना त्याच्या दुप्पट पन्हा हवा होता. यंत्रशक्तीवर चालणारे रुंद माग आणून ते सामायिक कर्मशाळांत बसवावे, अशी योजना पुढे आली. १९७६ मध्ये विणकरांनी मतदान करून ती फेटाळली. घरचा माग गेला तर क्रॉफ्टही जाईल, कारण ठरावीक वेळेच्या नोकरीत पीट व मेंढ्या यांना वेळ उरणार नाही, ही भीती या नकारामागे होती. तसेच, आज सामायिक कर्मशाळा बेटावर असली तरी उद्या ती मुख्य भूमीवर का नको, या प्रश्नालाही उत्तर नव्हते.

मार्ग १९९० च्या दशकात निघाला. दुप्पट पन्ह्याचा, पण पायांनीच चालणारा 'बोनास-ग्रिफिथ' माग विणकरांच्या घरी आला. १९९३ मध्ये ब्रिटिश संसदेने हॅरिस ट्वीड कायदा संमत केला. खाजगी संघाची जागा वैधानिक प्राधिकरणाने घेतली आणि घरी विणण्याची अट कायद्यात समाविष्ट झाली.

विणकराचे आजचे काम

सध्याची पद्धत थोडक्यात अशी आहे. गिरणी लोकर रंगवून सूत काढते. रुळावर गुंडाळलेला ताणा आणि बाण्याचे सूत गाडीने विणकराच्या दारी येते. घराशेजारच्या छपरीत माग असतो. नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या ताण्याच्या टोकाला गाठ मारून जोडावा लागतो. हे काम तासन् तास चालते. मग पावड्यांवर पाय ठेवून विणकर कापड विणतो. तेलकट कापड गिरणीत परत जाते, तेथे दोष रफू केले जातात, कापड धुऊन, आटवून, वाळवून, कातरून दाबले जाते आणि तपासनीस त्यावर गोलकाचा शिक्का मारतो. विणकर कोणाचा नोकर नसतो. त्याला विणलेल्या कापडाप्रमाणे मजुरी मिळते. कोकरांच्या वेळी किंवा पीट कापणीच्या वेळी माग थांबवणे त्याच्या हाती असते. रविवारी मात्र धर्मश्रद्ध कुटुंबांत तो चालतच नाही.

या स्वातंत्र्याला दुसरी बाजू आहे. गिरणीने ताणा पाठवला नाही तर विणकराचे हात रिकामे राहतात. २००६ मध्ये बेटावरील सर्वांत मोठी गिरणी नव्या मालकाने घेतली आणि हजारो नमुन्यांऐवजी केवळ चार नमुने ठेवले. त्याचे कापड त्याच्याच तयार कपड्यांसाठी राखले गेले. अनेक मागांचे काम थांबले. शिक्का होता, कायदा होता, कौशल्य होते. तरी मागावर ताणा नव्हता. पुढच्या वर्षी शॉबॉस्ट येथील बंद पडलेली गिरणी दुसऱ्या कंपनीने सुरू केली, नवे नमुने व नवे ग्राहक शोधले आणि २०१२ मध्ये उत्पादन पुन्हा दहा लाख मीटरच्या पुढे गेले. कायदा नावाचे रक्षण करू शकतो, मागणी निर्माण करू शकत नाही, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

भारतीय संदर्भ

भारतातील हातमागाचा प्रश्न संख्येने व विस्ताराने कितीतरी मोठा आहे; तरी दोन्हींची तुलना उद्बोधक ठरते. भारताने १९८५ च्या कायद्याने काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवले. आरंभी असे २२ प्रकार होते, पुढे ते ११ वर आले. यंत्रमाग नसलेला कोणताही माग म्हणजे हातमाग, अशी या कायद्यातील व्याख्या आहे. म्हणजे येथे विशिष्ट वस्तू विणण्याचा अधिकार राखला गेला. हेब्रिडीजमध्ये तसे झाले नाही. तशाच वीणीचे कापड कोणीही, कोठेही विणू शकतो. राखले गेले ते नाव, आणि त्या नावाबरोबर स्थळ व घर. भारतातही १९९९ च्या भौगोलिक निर्देशनविषयक कायद्यानंतर पैठणीसारख्या वस्त्रांच्या नावांना संरक्षण मिळाले आहे. तथापि अशा नोंदणीत कोणती क्रिया कोणी व कोठे करावी हे जितके काटेकोर लिहिलेले असेल आणि तिची तपासणी जितकी नियमित होईल, तितकाच तिचा लाभ विणकरापर्यंत पोहोचतो.

हॅरिस ट्वीडचा इतिहास पाहता परंपरा जशीच्या तशी गोठवून हा व्यवसाय टिकला असे म्हणता येत नाही. चरखा गेला, क्रोटलचा हंडा गेला, लुआची फळी गेली, लाकडी मागही गेला. प्रत्येक वेळी बेटवासीयांपुढे एकच निवड होती : कोणती क्रिया गेली तरी चालेल आणि कोणती गेली की बेटाचे पोट जाईल. घरचे विणकाम त्यांनी दुसऱ्या बाजूला ठेवले आणि ते राखण्यासाठी संघ, शिक्का, न्यायालय, मतदान व संसद ही सर्व साधने वापरली. पुढील पिढीतील मुलेमुली मागावर बसतील की नाही, हे मजुरीच्या दरावर आणि त्यांना शिकवणाऱ्या अनुभवी विणकरांवर अवलंबून आहे. ती बसली तर माग त्यांना घरीच मिळेल, एवढी तरतूद त्यांच्या वडीलधाऱ्यांनी करून ठेवली आहे.